फ्रेंच पाहुण्यांसाठी नाताळचं जेवण, पण 24 तारखेला मार्गशीर्षातला गुरुवार. कसं जमवायचं?

वेरूळरस्ता (प्रश्न)

नमस्कार मंडळी. खुलताबादजवळ आमचं घरगुती गेस्ट हाऊस आहे, चार खोल्यांचं. यंदा, म्हणजे डिसेंबर 2026 मध्ये, 23 ते 27 सहा फ्रेंच पाहुणे मुक्कामाला आहेत. दोन कुटुंबं, एक ल्योंचं आणि एक मार्सेयच्या बाजूचं. त्यात दोन लेकरं. नाताळचं जेवण फ्रेंच पद्धतीचं आणि आमच्यासोबत बसून व्हावं, असं त्यांनी कळवलंय. घरचे चार धरून दहा पानं.

अडचण अशी की 24 तारखेला गुरुवार आहे आणि मार्गशीर्ष चालू आहे. सासूबाईंचा महालक्ष्मीचा उपवास असतो. त्या दिवशी घरात मांस-अंडं काही येत नाही. एरवी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये वेगळ्या भांड्यांत केलं तर त्यांची हरकत नसते.

शेडमध्ये 40 लिटरचा ओटीजी आहे (विजेचा छोटा ओव्हन, 2000 वॅटचा), दोन शेगड्या आहेत, चूल आहे. मनात असलेला बेत: कांद्याचं सूप, चेस्टनट घालून अख्खी भाजलेली कोंबडी, बटाट्याचं ग्रातँ (काप दुधात भाजतात ते), आणि लाकडाच्या ओंडक्यासारखा दिसतो तो केक. विचारायचंय ते असं. चेस्टनटला पर्याय काय? ग्रातँमधलं दूध फाटतं ते का? केक गुंडाळताना चिरतो त्यावर उपाय काय? दोन कोंबड्या एका ओटीजीत कशा बसवायच्या? आणि वाइनचं काय करायचं? लाइट गेली तर काय, हाही प्रश्न आहेच.

सय_लातूर

ताई, गुरुवार तुमच्या आड येत नाही, उलट सोयीचा आहे. मार्सेय ज्या प्रोव्हान्स भागात येतं, तिथल्या जुन्या रिवाजात 24 तारखेच्या रात्रीचं जेवण बिनमांसाचंच असतं. त्याला 'ग्रो सुपे' म्हणतात, शब्दशः मोठं रात्रीचं जेवण. सात साधे पदार्थ, त्यात भाज्या, कडधान्यं, लसणाचं पातळ सूप आणि मासे किंवा गोगलगायी. मासे-गोगलगायी वगळल्या तरी रिवाज मोडत नाही. त्यानंतर मध्यरात्रीची प्रार्थना आणि मग तेरा गोड पदार्थ. कोंबडी, टर्की वगैरे 25 तारखेच्या दुपारी. फ्रान्सभर 25ची दुपार हेही मोठंच जेवण असतं. म्हणून एका रात्रीत सगळं कोंबू नका, दोन भाग करा. गुरुवारी रात्री ग्रो सुपे, शुक्रवारी दुपारी कोंबडी.

सातचा आकडा तुमच्याकडे असा भरता येईल.

लसणाचं सूप, त्याचं नाव 'आयगो बुलीदो', म्हणजे उकळलेलं पाणी. दहा जणांना अडीच लिटर पाणी, लसणाचे दोन मोठे गड्डे (पाकळ्या ठेचून, सालं काढून), दोन तमालपत्रं, मिळाली तर सेजची चार पानं, 20 ग्रॅम मीठ. पंधरा मिनिटं उकळा, दहा मिनिटं झाकून ठेवा, गाळा. वाडग्यात भाजलेल्या शिळ्या पावाचा तुकडा, त्यावर चमचाभर ऑलिव्ह तेल आणि वरून कडकडीत सूप. लसूण तेलात परतायचा नाही. परतला की आपल्या फोडणीचा वास येतो आणि सूप वेगळंच होऊन बसतं.

काबुली चण्याची कोशिंबीर: 400 ग्रॅम चणे रात्रभर भिजवून, सोडा न घालता कुकरला मऊ शिजवायचे. गरम असतानाच व्हिनेगर, मीठ आणि तेल घालायचं, कारण गार चणे ते शोषत नाहीत. पालक लसणावर परतून, वर पावाचा चुरा टाकून भाजायचा. फ्लॉवरचे तुरे अख्खे उकडून फक्त तेल-मीठ-मिरपूड. हिरवी मसूर मिळाली तर गाजर-कांद्यासोबत, नाही तर आपली अख्खी मसूर चालते, फक्त ती लवकर फुटते म्हणून कुकरला लावू नका. लाल भोपळ्याच्या फोडी पीठ लावून भाजायच्या. सातवं बटाट्याचं ग्रातँ. ते प्रोव्हान्सचं नाही, पलीकडच्या दोफिने भागाचं आहे, पण ल्योंच्या मंडळींना ते ओळखीचं वाटेल.

सासूबाईंची पूजा, कहाणी आणि नैवेद्य आधी उरकू द्या. पाहुण्यांच्या पदार्थांत कांदा-लसूण आहे, म्हणून ते नैवेद्याच्या चुलीवर नकोत. पाहुणे वेरूळ पाहून अंधार पडता परततील, तेव्हा पान साडेआठला धरा.

टेबलावर एकावर एक तीन पांढऱ्या चादरी, तीन मेणबत्त्या, आणि एक पान जास्तीचं, न बोलावता येणाऱ्यासाठी. बशीत उगवलेला गहूसुद्धा लागतो. तिकडे 4 डिसेंबरला, सांत बार्बच्या दिवशी, ओल्या कापसावर गहू पेरतात आणि 24ला तो हिरवागार टेबलावर येतो. घटाला धान पेरणाऱ्या घरात हे समजावून सांगावं लागणार नाही.

निखारे_वरखाली

कोंबडीबद्दल. सगळ्यात आधी दुकानदाराला सांगून ठेवा की कातडी ठेवायची आहे. आपल्याकडे न विचारता सोलून, तुकडे करूनच देतात. गरम पाण्यात बुडवून पिसं काढलेली, अख्खी, पोट साफ केलेली, मान आणि पाय वेगळे बांधून दिलेली, असं स्पष्ट सांगा. कातडी नसेल तर भाजण्याच्या भानगडीत पडू नका. मांस दोरीसारखं कोरडं होतं आणि कुठलंही लोणी ते वाचवत नाही.

गावरान की ब्रॉयलर? भाजायला ब्रॉयलर. गावरान कोंबड्याचं मांस चिवट असतं, कोरड्या उष्णतेने ते आणखी आवळतं. फ्रेंच लोकही म्हातारा कोंबडा भाजत नाहीत, वाइनमध्ये तासन्‌तास रटरट शिजवतात. 'कॉक ओ वँ' म्हणतात ते हेच.

दहा जणांना साफ केलेल्या दीड-दीड किलोच्या दोन पुरतात. 40 लिटरमध्ये दोन्ही शेजारी-शेजारी अख्ख्या ठेवल्या तर अंगाला अंग लागून कातडी वाफेवर शिजते, खरपूस होत नाही, आणि वरचा रॉड छातीला टेकेल इतका जवळ येतो. म्हणून चपटी करा. मजबूत कात्रीने पाठीचा कणा दोन्ही बाजूंनी कापून काढा, कोंबडी उताणी करून छातीच्या हाडावर तळहाताने दाबा, कट्‌ आवाज झाला की ती पुस्तकासारखी उघडते. अख्खीला तास-सव्वातास लागतो, चपटीला 45 ते 50 मिनिटं. एक झाली की दुसरी. कणे, माना आणि पाय उकळायला टाका, रस्सा त्यातूनच होतो.

सकाळी सातला आणलीत की किलोला 12 ग्रॅम मीठ आतून-बाहेरून चोळा आणि न झाकता फ्रिजमध्ये ठेवा. चार तासांत मीठ मुरतं आणि कातडी सुकते. भाजण्याआधी पाऊण तास बाहेर काढा, कोरड्या फडक्याने टिपा. ओली कातडी कधीच कुरकुरीत होत नाही, हे डोक्यात पक्कं ठेवा. 40 ग्रॅम लोण्यात ठेचलेला लसूण, मिरपूड आणि थाइम कालवून कातडीखाली बोटांनी सरकवा. थाइम मिळालं नाही तर पाव चमचा ओवा कुटून घाला. दोघांच्या वासामागे थायमॉल हेच द्रव्य आहे. मात्र ओव्याचा जोर दांडगा, पाव चमच्याचा अर्धा झाला तर पाहुण्यांना पोटदुखीचं औषध वाटेल.

ओटीजी वीस मिनिटं आधी 210 वर तापवा, दोन्ही रॉड चालू. कातडी आणि वरचा रॉड यांत किमान चार बोटं अंतर हवं. वीस मिनिटांनी रंग फार चढला तर वर फॉइल टाका. सुईचा थर्मामीटर शंभरात शंभर टक्के घ्या. मांडीच्या जाड भागात, हाडाला न लावता, 74 अंश आलं की बाहेर. थर्मामीटर नसेल तर मांडीत सुरी खुपसून पाहा, रस गुलाबी न येता स्वच्छ यायला हवा. मग फॉइलखाली पंधरा मिनिटं विश्रांती. लगेच कापली तर सगळा रस पाटावर जातो.

चेस्टनटचा विचार सोडा. शिंगाडे घालावेत असं पुष्कळांना सुचतं, पण चेस्टनट पिठूळ आणि गोडसर असतो. त्याच्या जवळ जातं ते रताळं. सध्या बाजारात चांगलं येतं. एक किलो रताळी अर्धवट उकडून, सोलून, जाड फोडी करून दुसऱ्या कोंबडीच्या ट्रेमध्ये शेवटची 25 मिनिटं टाका, गळालेल्या चरबीत ती भाजली जातात. सारण पोटात भरू नका. ते मधोमध 74 अंशांना पोचेपर्यंत छाती वाळून जाते.

रस्सा: ट्रेमधली वरची चरबी काढा, तळाला चिकटलेल्या तपकिरी खरडीवर 400 मिली हाडांचं पाणी ओता, उलथन्याने खरवडा, अर्धं होईपर्यंत आटवा. चमचाभर व्हिनेगर, आणि गॅस बंद करून 20 ग्रॅम थंडगार लोणी. मैदा नको, गरम मसाला तर मुळीच नको. ठेचा वेगळ्या वाटीत ठेवा, ज्याला हवा तो घेईल.

आता लाइट. 2000 वॅट घरच्या इन्व्हर्टरवर ओढत नाही, प्रयत्नही करू नका. जाड बुडाचं भगुणं तयार ठेवा. त्यात लोण्यावर कोंबडी सगळीकडून तांबूस करायची, पाव वाटी पाणी, झाकण, झाकणावर चुलीतले निखारे, खाली मंद आंच. तासाभरात होते. ही तडजोड आहे असं समजू नका. फ्रेंचमध्ये 'ब्रेझ' म्हणजे निखारा, 'ब्रेझे' हा शब्द त्यावरूनच आला, आणि जुन्या फ्रेंच भांड्यांची झाकणं निखारे ठेवता यावेत म्हणून खोलगट असत.

वेरूळरस्ता

सय_लातूर, दोन दिवसांची कल्पना सासूबाईंना सांगितली, लगेच हो म्हणाल्या. बशीत गहू त्याच पेरणार आहेत. ग्रातँ मात्र कोणी नीट सांगा, कारण ते 24ला पंक्तीत आहे. घरी म्हशीचं दूध आहे. आणि पाव कुठला आणू? शहरातून आणलेला पाव दुसऱ्या दिवशी रबरासारखा होतो.

सय_लातूर

ग्रातँ दोफिन्वा. त्यात अंडं नाही आणि मूळ पद्धतीत चीजही नाही, म्हणून गुरुवारी चालतं. ओटीजीत आधी कोंबडी भाजली गेली असेल तर मात्र 23लाच आतून पुसून, ट्रे वेगळा ठेवून द्या.

दहा जणांना बाकी सहा पदार्थ असताना दीड किलो बटाटा. म्हशीचं दूध 750 मिली, क्रीम 150 मिली. फ्रेंच पाककृतीत क्रीम याच्या दुप्पट असतं, पण ते गायीच्या दुधाच्या हिशोबाने. म्हशीच्या दुधात 6-7 टक्के स्निग्धांश आधीच आहे, पूर्ण क्रीम घातलं तर वर तुपाचा तवंग येतो. क्रीमऐवजी घरची ताजी साय घोटून घातली तरी उत्तम. आंबूस साय नको.

दूध फाटण्याची तीन कारणं. साय किंवा दूध शिळं, म्हणजे आधीच किंचित आंबट. आंच जास्त. आणि भाजायचं भांडं उथळ, त्यामुळे दूध कडेला उकळत राहतं. 160 अंशांच्या वर जाऊ नका, भांडं किमान दोन इंच खोल घ्या.

बटाटा सोलून धुवा, मग काप करा. काप केल्यावर धुवायचं नाही. आपला हात सवयीने कापांकडे पाण्याचं पातेलं ओढतो, तिथेच चूक होते. कापांवरचा पांढरा स्टार्च हाच दुधाला दाटपणा देतो, तो धुऊन टाकला की शेवटी बटाटे दुधात पोहत राहतात. काप तीन मिलिमीटरचे, किसणीच्या पात्यावर. डिसेंबरात नवा बटाटा येतो, त्यात पाणी जास्त. तो असेल तर दूध 100 मिली कमी घ्या. कोल्ड स्टोरेजचा जुना असेल तर त्यात साखर तयार झालेली असते, वरून लवकर काळपटतो, म्हणून पहिला अर्धा तास फॉइल लावा.

दूध, क्रीम, 15 ग्रॅम मीठ, मिरपूड, पाव जायफळ किसून आणि बटाट्याचे काप एकत्र जाड बुडाच्या पातेल्यात, मंद आंचेवर दहा मिनिटं, लाकडी उलथन्याने तळ हलवत. दूध उलथन्याला चिकटू लागलं की थांबा. भांड्याला लसणाची पाकळी कापून आतून घासा, लोणी लावा, मिश्रण ओता, हाताने सपाट करा. 160 अंश, एक तास दहा मिनिटं. सुरी टोचून आरपार लोण्यासारखी गेली पाहिजे. बाहेर काढून पंधरा मिनिटं तसंच ठेवा, मग वाढा. गरम-गरम वाढलं तर वाहतं.

पाव घरी करा, 23च्या रात्री पीठ कालवून ठेवा. 500 ग्रॅम मैदा, 330 मिली पाणी, 10 ग्रॅम मीठ, 2 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. परदेशी कृतीत पाणी 375 मिली लिहिलेलं असतं, आपल्या मैद्यात प्रथिनं कमी, तो तेवढं पाणी धरत नाही आणि पीठ पसरतं. चमच्याने कालवायचं, मळायचं नाही, झाकून ठेवायचं. उन्हाळ्यात दहा तासांत फुगतं ते मराठवाड्यातल्या डिसेंबरच्या थंडीत सोळा ते अठरा तास घेतं. पृष्ठभागावर बुडबुडे दिसेपर्यंत हात लावू नका. झाकणाचं लोखंडी भांडं ओटीजीत 230वर अर्धा तास रिकामं तापवा, त्यात पीठ सोडा, झाकून अर्धा तास, उघडून पंधरा मिनिटं. झाकणाच्या मुठी प्लॅस्टिकच्या असतील तर आधी काढा. पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नका, आतून चिकट राहतो. दोन्ही दिवसांचे मिळून असे तीन पाव लागतील.

गूळसाखर

गोडाचं मी सांगते.

24च्या रात्री केक नको, तेरा गोडं मांडा. तेरा म्हणजे येशू आणि बारा शिष्य. यात रांधण्यासारखं थोडं, गोळा करण्यासारखं जास्त, आणि बहुतेक सगळं बिनअंड्याचं. पहिली चार ठरलेली: मनुका, सुकं अंजीर, बदाम, अक्रोड. त्यांना 'मांदियाँ' म्हणतात, म्हणजे भिक्षेकरी. भिक्षेवर जगणाऱ्या साधूंच्या चार पंथांवरून हे नाव आहे, आपल्या माधुकरीसारखं. पुढची यादी तिकडे गावागावाप्रमाणे बदलते, म्हणून जालन्याची मोसंबी बिनदिक्कत ठेवा. संत्रं, पेरू, बोरं, पपई, खजूर, शेंगदाण्याची चिक्की, ही झाली अकरा. खालची दोन केलीत की तेरा.

तिकडे नासपतीसारख्या दिसणाऱ्या क्विन्स नावाच्या फळाची घट्ट वडी असते. तिचा जुळा भाऊ म्हणजे पेरूची वडी. दीड किलो पिकलेले पेरू उकडून, चाळणीतून बिया काढून एक किलो गर. 800 ग्रॅम साखर, दोन लिंबांचा रस. जाड कढईत पन्नास-साठ मिनिटं. गर उडतो आणि चटका जबर बसतो, लांब दांड्याचा झारा घ्या, हाताला फडकं गुंडाळा. गोळा कढई सोडू लागला आणि झाऱ्याने ओढलेली रेघ तळाशी दोन सेकंद उघडी राहिली की ताटात थापा. घाईने उतरवली तर वडी पडत नाही, जॅम होतो. दोन दिवस जाळीखाली सुकू द्या, म्हणजे 21 तारखेला करायला घ्या.

काळा नुगा: 300 ग्रॅम मध, 300 ग्रॅम सालासकट बदाम. मध मंद आंचेवर उकळत ठेवा, बदाम घाला, सतत हलवा. बदाम तडतडू लागले आणि मधाचा रंग काळपट तांबडा झाला की उतरवा. थेंब गार पाण्यात टाकून पाहा, कट्‌कन मोडला पाहिजे. वाकला तर आणखी दोन मिनिटं. तूप लावलेल्या ताटात ओता, कोमट असतानाच काप पाडा. पांढरा नुगा करू नका, त्यात अंड्याचा पांढरा भाग असतो.

जमलं तर एक चौदावी, खरं तर मूळ तेरातलीच: 'पाँप', ऑलिव्ह तेलाची गोड भाकरीवजा पोळी. ती केलीत तर पपई काढा. पाँप सुरीने कापत नाहीत, हाताने तोडतात. कापली तर येत्या वर्षी दिवाळं निघतं असा समज आहे. मार्सेयची लेकरं हे लगेच सांगतील.

आता ओंडक्याचा केक, 'ब्यूश'. हा 25च्या दुपारी. सकाळी साडेसहाला ओटीजी रिकामा असताना स्पंज भाजा. फ्रेंच कृतीत चार अंडी लिहिलेली असतात, ती साठ ग्रॅमच्या आसपासची. आपलं बाजारचं अंडं साधारण 50 ग्रॅम, गावरान त्याहून लहान. म्हणून बाजारची पाच घ्या. 125 ग्रॅम साखरेसोबत ती दहा मिनिटं फेटा, बीटरमधून पडणारी धार पृष्ठभागावर तीन सेकंद उठून दिसली पाहिजे. 100 ग्रॅम मैदा आणि 20 ग्रॅम कोको चाळून, तीन वेळा थोडं-थोडं, हलक्या हाताने. 30 बाय 30च्या ट्रेमध्ये कागदावर पसरा, 190 अंश, नऊ ते अकरा मिनिटं. बोटाने दाबल्यावर वर आला की झालं.

चिरण्याचं मूळ इथेच आहे. दोन मिनिटं जास्त राहिला तर कडा बिस्किटासारख्या होतात आणि गुंडाळताना तिथून चीर सुरू होते. कडा कडक वाटल्या तर सुरीने बोटभर कापून टाका. गरम स्पंज लगेच ओलसर पिळलेल्या पंचावर उलटा, कागद सोला, पंचासकटच गुंडाळा आणि तसाच गार होऊ द्या. गार झाल्यावर पहिल्यांदा गुंडाळायला गेलात तर मोडणारच. उलगडून साखरेच्या पाण्याचा हात फिरवा, भरण लावा, परत गुंडाळा.

भरण आणि वरचा लेप एकच: 300 ग्रॅम डार्क चॉकलेट, 240 मिली क्रीम. क्रीम उकळी येण्याआधी उतरवून चॉकलेटच्या तुकड्यांवर ओता, दोन मिनिटं थांबा, मधून बाहेर ढवळा. डब्यातलं 25 टक्क्यांचं क्रीम यासाठी चालतं. ते फेटून फुलवायला जाऊ नका, फुलायला 35 टक्के लागतात. चॉकलेट 'कंपाउंड' लिहिलेलं नको, त्यात कोको बटरऐवजी वनस्पती तेल असतं आणि जिभेवर मेणाचा थर राहतो. एक टोक तिरकं कापून बाजूला चिकटवा, ती फांदी. लेप घट्ट होऊ लागला की काट्याने लांब रेघा ओढा, साल दिसते.

कायद्याचं_बघा

वाइनबद्दल थोडक्यात. परवाना नसताना पाहुण्यांना दारू विकणं किंवा जेवणाच्या पैशात धरून देणं महाराष्ट्र दारूबंदी कायद्यात (1949) बसत नाही. घरगुती गेस्ट हाऊसलाही सूट नाही. राज्य उत्पादन शुल्काच्या कार्यालयात आधी विचारून घ्या, पाहुणे स्वतःची बाटली आणणार असतील तरीही. वाइनशिवाय वरचा सगळा बेत होतो. फ्वा ग्रा (मुद्दाम पुष्ट केलेल्या बदकाचं किंवा हंसाचं काळीज) कोणी सुचवलं तर सोडून द्या, त्याची आयात भारतात 2014 पासून बंद आहे. कालवं समुद्रापासून इतक्या लांब कच्ची खायला देऊ नका.

निखारे_वरखाली

वाइनची जागा हुरड्याने भरा. जेवणाआधी उभ्याउभ्या थोडं तोंडात टाकण्याची फ्रेंच पद्धत आहे, 'आपेरितीफ'. 25ला दुपारी बाराला आगटी पेटवा, गुळभेंडी किंवा सुरतीची कणसं, सोबत शेंगदाण्याची चटणी, मोसंबीचा रस. ज्वारी उशिरा पेरलेली असेल तर त्या तारखेला दाणा दुधातच असतो, म्हणून शेतकऱ्याला 20च्या सुमाराला विचारून घ्या. पोटभर देऊ नका, अर्ध्या तासात आवरा.

आणि वाढण्याबद्दल, कारण सगळं नीट रांधून इथेच बिघडतं. आपण पानात डावं-उजवं सगळं एकदम वाढतो, तसं नाही. 25ला कांद्याचं सूप, ते उचलून मग कोंबडी, रताळी, रस्सा. ती उचलल्यावर हिरवी कोशिंबीर, नुसती पानं, तेल आणि व्हिनेगर. पानं फिल्टरच्या पाण्यातच धुवा. मग चीज, आणि शेवटी गोड. चीज गोडाच्या आधी येतं. दोन पदार्थांमध्ये पंधरा-वीस मिनिटं गेली तरी घाबरू नका, ते गप्पांत असतात. पाव ताटात नाही, टेबलावर ताटाच्या शेजारी. आग्रह एकदाच, 'नको' म्हटलं की खरंच नको असतं. पानं गरम पाण्यातून काढून पुसून मांडा, थंडीत रस्सा लगेच थिजतो.

फ्रान्समध्ये घरगुती गेस्ट हाऊसला कायद्याने पाचच खोल्या आणि पंधरा पाहुण्यांची मर्यादा आहे. तिथे यजमानासोबत एकाच टेबलावर, सगळ्यांना एकच जेवण मिळतं, त्याला 'ताब्ल दोत' म्हणतात. पाहुणे तुमच्याकडे तेच मागताहेत. म्हणून तुम्ही चौघं टेबलावर बसाच. वाढायला सारखं उठावं लागणार नाही, असा बेत ठेवा.

कांद्याचं सूप: दीड किलो कांदा, 80 ग्रॅम लोणी, मंद आंचेवर तासभर. बाजारात आत्ता खरिपाचा लाल कांदा आहे, त्यात पाणी फार, तो आधी अर्धा तास नुसता रडतो, मग रंग धरतो. आंच वाढवून घाई केली तर कडा जळतात आणि सूप कडू होतं. दोन चमचे मैदा, दोन लिटर हाडांचं पाणी, वीस मिनिटं उकळी. कणे आणि पाय सकाळी आठलाच कुकरला लावा, म्हणजे हे पाणी वेळेत मिळतं. पाव तव्यावर भाजून वर चीज. प्रोसेस्ड चीज नको, ते वितळत नाही, त्याची कातडी होते. एमेंटाल किंवा गौडा घ्या.

सय_लातूर

चीजसाठी महागडी पाकिटं शोधू नका. ल्योंचा स्वतःचा एक पदार्थ आहे, 'सेर्व्हेल द कान्यू', मऊ ताज्या चीजमध्ये पात, लसूण, तेल आणि व्हिनेगर. आपला चक्का त्याच्या फार जवळचा. दीड किलो गोड दही रात्रभर पंचात टांगा, 600 ग्रॅमच्या आसपास चक्का निघतो. त्यात कांद्याची पात बारीक चिरून, एक पाकळी लसूण, दोन चमचे तेल, चमचाभर व्हिनेगर, मीठ, मिरपूड. आदल्या रात्री लसूण घालू नका, उग्र होतो. उस्मानाबादी शेळीचं दूध कोणाकडे मिळालं तर निम्मं दही त्याचं लावा. ही शेळी दूध थोडं देते, म्हणून चार दिवस आधी सांगून ठेवावं लागेल. ल्योंची मंडळी शेळीच्या चीजला घरचं म्हणतील.

वेरूळरस्ता

सगळं वहीत उतरवून घेतलं. 25चा ओटीजीचा क्रम असा लावलाय: साडेसहा स्पंज, साडेसात पाव, साडेदहा पहिली कोंबडी, साडेअकरा दुसरी रताळ्यांसह, एकला जेवण. सातला आणलेल्या कोंबडीला मीठ मुरायला वेळ पुरतो का? आणि गहू 4 तारखेलाच पेरायचा का?

निखारे_वरखाली

पहिलीला साडेतीन तास मिळतात, पुरतात. फक्त पहिली पाऊण तास आधी बाहेर काढायची म्हणजे पावणेदहाला, ते विसरू नका. वाढण्याआधी दहा मिनिटं दोन्ही कोंबड्या 150वर परत आत, तोवर सूप चालू असतं.

सय_लातूर

नवरात्रात नऊ दिवसांत वीतभर येतं, तेवढी ऊब डिसेंबरात नाही. 4 लाच पेरा, फक्त गहू आदल्या रात्री कोमट पाण्यात भिजवा आणि बशी रात्री स्वयंपाकघरात, दिवसा उन्हाच्या खिडकीत ठेवा. कापूस ओला असावा, दाणे पाण्यात बुडालेले नकोत, नाही तर कुजून वास येतो. तीन बशा करा. वाढ उंच होऊन आडवी पडू लागली तर सासूबाईंना मधोमध लाल दोरा सैल बांधायला सांगा, तिकडेही रिबिन बांधतात.